जुन्या नकाशात पाताळनदी सापडत नाही

इंग्रजांच्या काळातल्या भूगर्भ नकाशात जमिनीखालच्या नद्या दाखवल्यात, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली सुरू झालं, ते मुख्यतः कोळसा शोधायला. त्या नकाशांतले रंग खडकांचे प्रकार दाखवतात, पाणी नव्हे.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर आहे. त्यात पाणी नदीसारखं वाहत नाही. ते मुरमात, भेगांत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात साठतं आणि सावकाश झिरपतं. म्हणून एका बोअरला पाणी लागतं, वीस पावलांवरच्या दुसऱ्यातून नुसता धुरळा उडतो. कर्ज काढून तिसरं बोअर मारण्याआधी शेजारच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी बघा, विहिरीच्या कडेला दिसणारे थर बघा.