आपोआप वाजणाऱ्या वाद्यवृंदाची चाल कुठे साठवायची?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात माझे एक स्नेही, निवृत्त टूलरूम कारागीर, सध्या ऑर्केस्ट्रियन उभारत आहेत. पेटी, ढोलकी, झांजा आणि घंटा एकाच लाकडी कपाटात बसवलेल्या असून वाजवणारा माणूस कोणी नाही. पाहणाऱ्याला ते देवळातल्या विजेवर चालणाऱ्या नगारा-घंटेच्या यंत्राचे थोरले भावंड वाटते, आणि नाते खरेच जवळचे आहे. मात्र देवळातल्या यंत्राला एकच ठेका येतो, तर ऑर्केस्ट्रियनला चाल लक्षात ठेवावी लागते. ती साठवायची कुठे, या प्रश्नाभोवतीच त्याचा इतिहास फिरतो.

पहिले उत्तर खुंट्यांचे होते. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणाऱ्या वाद्यासाठी खुंट्यांचा फिरता रूळ योजला. हीच युक्ती युरोपात इतकी वाढली की १८१३ मध्ये संगीतकार बीथोव्हनने मेल्त्सेल या यंत्रकाराच्या यांत्रिक वाद्यवृंदासाठी रचना करायला घेतली. पुढे जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट या घड्याळजींच्या मुलखात मिखाएल वेल्टे यांनी कपाटाएवढी यंत्रे बांधली. पण नवी चाल हवी असली की नवा रूळ करावा लागे आणि त्यावर असंख्य खुंट्या जागच्या जागी ठोकाव्या लागत.

त्यांचे चिरंजीव एमिल यांनी १८८३ मध्ये छिद्रांच्या कागदी गुंडाळीचे पेटंट घेतले आणि चाल लाकडातून कागदावर आली. या कागदी यंत्रांच्या रूढ रचनेत छिद्र नळीच्या तोंडावर आले की हवा आत शिरते, चामड्याचा पातळ पडदा उचलला जातो, झडप उघडते आणि चिमुकला भाता आक्रसून हातोडी ओढतो. कागदाला काही जोर लावावा लागत नाही, तो फक्त वाट मोकळी करतो. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. १९२० च्या दशकात रेडिओ आणि विजेवरचे ग्रामोफोन आले, आणि जागा अडवणारी ही महागडी यंत्रे मागे पडली.

१९८३ मध्ये कोणता सूर कधी आणि किती जोरात वाजवायचा हे यंत्राला आकड्यांत सांगणारा मिडी हा संगीतसंकेत आला आणि छिद्राची जागा आकड्यांनी घेतली. अमेरिकी गिटारवादक पॅट मेथेनी यांनी २०१० मध्ये वीजचुंबकी दट्ट्यांवर चालणारा असा वृंद घेऊन मैफली केल्या.

वागळे इस्टेटमधले यंत्रही याच वळणाचे आहे. थापेचा जोर ठरवायला मिडीत १२७ पायऱ्या मिळतात, तरी पहिल्या चाचणीत दट्ट्यांची खटखट झांजांहून मोठी ऐकू आली, म्हणून त्यांच्या टोकांना नमदा लावावा लागला. पेटीचा भाता हलवायला मोटर पुरली, पण सूर हेलकावू लागला. तेव्हा हवा साठवणारा दुसरा भाता जोडून त्यावर वजन ठेवले. सध्या काम ढोलकीवर अडले आहे. दट्ट्या थाप देतो, परंतु तळहात दाबत सरकवून काढायचा घिस्सा त्याला जमत नाही, आणि त्यासाठी कातड्यावर घासत जाणारी वेगळी दांडी लेथवर घडते आहे.