टेस्टिंगच्या वेळी तुमच्या फाईली नेमक्या कुठं जातात?

सॉफ्टवेअर तयार होत असताना बरेच ग्राहक फोन करून विचारतात की अहो डेमोत फोटो अपलोड झालेले दिसतायत पण आमच्या अमेझॉनच्या खात्यात तर काहीच नाही, मग गेले कुठं? तर ते आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि हे आम्ही मुद्दाम केलंय.

शिरोलीतल्या फाउंड्रीचे कास्टिंगचे फोटो असोत नाहीतर चप्पल लाईनमधल्या दुकानाची बिलं, लाईव्ह झाल्यावर, म्हणजे खरा वापर सुरू झाल्यावर, या फाईली एस-थ्रीच्या (अमेझॉनची नेटवर फाईली ठेवायची सेवा) बकेटमध्येच, म्हणजे तिथल्या तुमच्या कप्प्यातच जाणार. अमेझॉननं एस-थ्री २००६ मध्ये आणलं आणि त्याच्याशी प्रोग्रामनं बोलायची पद्धत पुढं एवढी रुळली की तीच पद्धत समजणारे छोटे सर्व्हर दुसऱ्यांनीही बनवले. त्यातलं मिनआयओ आम्ही आमच्याच कॉम्प्युटरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) चालवतो, ९००० पोर्टवर (प्रोग्रामशी जोडायचा नंबर). आपल्या प्रोग्रामला फक्त सर्व्हरचा पत्ता आणि की (खात्यात शिरायची गुप्त किल्ली) बदलून द्यायची, बाकी कोड तोच राहतो. तुमचं खातं अमेझॉनऐवजी मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूरचं असेल तर त्यासाठी असंच लोकल चालणारं मायक्रोसॉफ्टचंच अझ्युराइट आहे.

यात पैसे वाचतात का? थोडे वाचतात, पण खरं कारण ते नाही. टेस्ट म्हणजे कोड बदलला की आपोआप शेकडो फाईली टाकायच्या, वाचायच्या आणि शेवटी सगळं पुसून टाकायचं, आता हे पुसायचं काम चुकून तुमच्या खऱ्या बकेटवर चाललं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय तुमच्या खात्याची की आमच्या प्रत्येक पोराच्या लॅपटॉपवर फिरत नाही, आणि नेट गेलं तरी काम थांबत नाही.

पण लोकलला, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवर, चाललं म्हणजे लाईव्हला चालणारच असं समजू नका. लोकलला आम्ही मालकाच्या कीनं काम करतो त्यामुळं कशालाच नकार येत नाही, तुमच्या खात्यात परमिशन कमी पडली की सरळ ४०३ एरर, म्हणजे परवानगी नाही. ब्राउझरमधून थेट अपलोड करायचं असेल तर कुठल्या वेबसाईटला परवानगी आहे ते एस-थ्रीच्या बकेटवर आपण लिहून द्यावं लागतं, मिनआयओ मात्र आधीपासूनच सगळ्यांना येऊ देतं, म्हणून ही चूक इथं कधी दिसतच नाही. बकेटचं नाव नियमात बसणारं असलं की लोकलला कुठलंही चालतं, तिकडं ते जगात दुसऱ्या कुणी घेतलं असेल तर मिळत नाही.

लिंकचं तर वेगळंच. बिल डाऊनलोड करायला जी मुदतीची लिंक बनते तिच्या सहीत (लिंक खरी आहे का ते तपासायचा कोड) सर्व्हरचा पत्ताही धरलेला असतो. डेमोतली लिंक आमच्या कॉम्प्युटरच्या पत्त्याची, ती तुमच्या मोबाईलवर उघडणार नाही, आणि हातानं पत्ता बदलून बघितलात तर सही जुळत नाही म्हणून एरर येईल. आणखी एक, एस-थ्रीवर अशी लिंक जास्तीत जास्त ७ दिवस चालते, त्यामुळं गिऱ्हाईकाला व्हॉट्सॅपवर पाठवलेलं बिल महिन्यानंतर त्याच लिंकवरून उघडेल अशी अपेक्षा ठेवू नका, सॉफ्टवेअरमधून नवीन लिंक काढा.

म्हणून लाईव्ह करायच्या आधी आम्ही तुमच्याच खात्यात, मुंबई रिजनमध्ये (अमेझॉनच्या मुंबईतल्या सर्व्हरवर), एक वेगळी टेस्ट बकेट मागतो आणि फक्त तेवढ्या बकेटपुरती चालणारी की. काही जण म्हणतात आता हे कशाला, सगळं चालतंय की! वरचे सगळे घोळ तिथंच सापडतात म्हणून. या बकेटचं बिल तुमच्या खात्यावर येईल, पण फाईली नमुन्याच्याच असतात आणि काम झालं की आपण ती बकेट आणि की दोन्ही काढून टाकतो. की कशी बनवायची ते फोनवर सांगू, फक्त खात्याचा मेन पासवर्ड आम्हाला पाठवू नका, मागितला तरी देऊ नका.