त्सुकेमोनो : जपानी घरगुती लोणची आणि भाजीचे साधे जेवण

त्सुकेमोनो म्हणजे मीठ, भाताचा कोंडा, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा), साके या तांदळाच्या मद्याचा चोथा, शिरका किंवा कोजी (बुरशी लावलेला भात) यांत भाज्या मुरवून केलेली जपानी लोणची. भात, मिसोचे सूप आणि लोणचे एवढे पुढ्यात आले की जपानी माणसाचे जेवण पुरे होते. भाजी, तोफू, मासळी ही त्यावरची भर. म्हणून या लोणच्यांचा विचार घरच्या साध्या जेवणापासून तोडून करता येत नाही. त्यांत फोडणी नाही, मोहरीची डाळ नाही, तेल बहुधा नाहीच, आणि घरोघरी होणारे बरेच प्रकार वर्षभर टिकावेत म्हणून केलेलेही नसतात. रात्री घातलेले सकाळी खाऊन संपवायचे, अशीच पद्धत. पानाच्या कडेला एखादी फोड वाढून घेण्याऐवजी ते कोशिंबिरीसारखे चार-सहा चकत्या घेऊन खाल्ले जाते.

जेवणाच्या मांडणीला ‘इचिजू-सान्साई’ म्हणतात: एक सूप, तीन पदार्थ. भात आणि लोणचे या मोजणीत धरलेले नाहीत, कारण ते असणारच. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे आणि लोणच्याची बशी दोहोंच्या मध्ये, असा रिवाज आहे. रोजच्या घाईत तीनाऐवजी एकच पदार्थ होतो आणि त्यात कुणाला उणे वाटत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने जपानच्या पारंपरिक आहारसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, पण तिचा खरा कणा मेजवानीच्या ताटापेक्षा या रोजच्या तीन वाट्यांत आहे.

जपानी जेवण शाकाहारी होते, असे सरसकट म्हणणे चूक ठरेल. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली. मासळी मात्र चालू राहिली. पूर्ण शाकाहार टिकला तो बौद्ध मठांत. सोतो झेन पंथाचा संस्थापक दोगेन (१२००–१२५३) याने १२३७ मध्ये मठातील आचाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या. तांदूळ धुताना वाळूकडे आणि दाण्याकडे सारखेच लक्ष द्यावे, एक दाणाही वाया जाऊ देऊ नये, साध्या पालेभाजीलाही उंची जिन्नसाइतक्याच मनापासून हात लावावा, असे तो सांगतो. त्याने १२४४ मध्ये स्थापलेल्या एइहेइ-जी मठात आजही सकाळी तांदळाची पेज, भाजलेले तीळ-मीठ आणि लोणचे असते. मठांच्या या ‘शोजिन’ स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य आहे, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या मराठी घराला तो परका वाटणार नाही.

मठाबाहेरच्या स्वयंपाकात मात्र शाकाहारी माणसाने सावध राहावे. दिसायला निव्वळ पालकाची असलेली भाजीसुद्धा बहुतेक वेळा ‘दाशी’त, म्हणजे जपानी स्वयंपाकाच्या मूळ अर्कपाण्यात, भिजवलेली असते, आणि नेहमीची दाशी ही कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या किसापासून करतात. बाजारच्या लोणच्यांतही तिचा अर्क असू शकतो. शाकाहारी दाशी दोन गोष्टींवर उभी राहते: कोंबू ही समुद्रवनस्पती आणि वाळवलेली शिईताके अळिंबी. एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम कोंबू घालून रात्रभर ठेवावा. तापवायचेच असेल तर मंद आचेवर, आणि उकळी फुटण्याआधी कोंबू काढून घ्यावा, नाहीतर पाणी बुळबुळीत होते व वास उग्र येतो. शिईताके गार पाण्यातच भिजवावी. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या चवीचे मूळ ग्लुटामेटमध्ये असल्याचे दाखवले. शिईताकेतील ग्वानिलेट हे द्रव्य त्या चवीला आणखी उठाव देते. दोन्हींची दाशी एकत्र केली तर चव नुसत्या बेरजेपेक्षा बरीच जास्त भरते.

दाशी जमली की भाज्या सोप्या. ‘ओहिताशी’साठी पालकाची जुडी मुळांसकट खळखळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर धरतात, आधी देठ आणि मग पाने. लगेच गार पाण्यात टाकून हिरवा रंग पक्का करतात, जुडी घट्ट पिळतात, बोटभर लांबीचे तुकडे कापतात आणि दाशी व सोया सॉसच्या पातळ मिश्रणात थोडा वेळ ठेवतात. पिळण्यात कसूर झाली की पदार्थ पाणचट होतो. चव सगळी त्या पिळण्यावर आहे. ‘गोमा-आए’त हीच भाजी कुटलेल्या तिळात कालवतात. ‘किंपिरा’त गाजर व गोबो नावाचे कंदमूळ काड्यांसारखे चिरून तिळाच्या तेलावर परततात. ‘निमोनो’ म्हणजे दाशीत शिजवलेली फोडींची भाजी: लाल भोपळा, मुळा, बटाटा काहीही. तिच्यावर पातेल्याच्या तोंडाहून लहान झाकण थेट भाजीला टेकवून ठेवतात, म्हणजे थोड्या रसातही फोडी वरून-खालून सारख्या शिजतात आणि हलवताना मोडत नाहीत. साखर आधी, मग मीठ, मग शिरका, शेवटी सोया सॉस आणि मिसो, असा घालण्याचा क्रम जपानी घरांत मुलांना पाठ असतो. मीठ आधी पडले तर साखर फोडीत नीट मुरत नाही आणि मिसो जास्त उकळला तर त्याचा सुवास जातो.

लोणच्यांत सर्वांत सोपा प्रकार ‘शिओझुके’, नुसत्या मिठातला. भाजीच्या वजनाच्या २ टक्के मीठ हे रात्रीपुरत्या लोणच्याचे प्रमाण. अर्धा किलो चिनी कोबी किंवा मुळा असेल तर १० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे. चिरलेल्या भाजीला मीठ चोळावे, कोंबूची पट्टी आणि एक सुकी मिरची घालावी, वर ताटली ठेवून भाजीच्या दुप्पट वजन द्यावे. पूर्वी यासाठी घरात खास दगड असे. आता स्क्रूने दाबणारी प्लास्टिकची भांडी मिळतात. आपल्याकडे वरवंटा किंवा पाण्याने भरलेली कळशी चालते. मिठामुळे आणि वजनामुळे भाजीला पाणी सुटते. ते भाजीच्या वर आले की वजन निम्मे करावे, नाहीतर भाजी चिवट होते. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा चांगल्या स्टीलचे असावे, पितळ-ॲल्युमिनिअम नको. मिठाच्या बाबतीत अंदाजापेक्षा वजनकाटा केव्हाही बरा, कारण चव आणि टिकाऊपणा दोन्ही त्या एका आकड्यावर ठरतात.

‘नुकाझुके’ हे कोंड्यातले लोणचे म्हणजे जपानी घराची खरी ओळख. एक किलो ताजा कोंडा, सुमारे १३० ग्रॅम मीठ आणि उकळून गार केलेले साधारण एक लिटर पाणी कालवतात. मुठीत दाबल्यावर गोळा झाला की पाणी पुरे. त्यात कोंबू आणि सुक्या मिरच्या खुपसतात. सुरुवातीला कोबीची वरची पाने, मुळ्याचे शेंडे असे टाकाऊ तुकडे पुरतात आणि दोन-तीन दिवसांनी काढून टाकतात. हे आठ-दहा दिवस चालते. या काळात भाज्यांवरच्या जिवाणूंचे कोंड्यात बस्तान बसते आणि कच्च्या कोंड्याचा वास जाऊन आंबूस, गोडसर वास येऊ लागतो. मग खरी काकडी, वांगे, गाजर, सलगम पुरायचे. उन्हाळ्यात काकडी सहा-आठ तासांत होते, थंडीत दिवस लागतो. काढून धुऊन, कापून लगेच वाढायची.

हा कोंडा रोज तळापासून ढवळावा लागतो. कोंड्याच्या पृष्ठभागावर हवा लागते, तिथे पांढऱ्या सायीसारखे यीस्ट वाढते; तळाशी हवा नसते, तिथे घाण वासाचे ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात. चांगले लॅक्टिक जिवाणू मधल्या थरात रमतात. खालचे वर आणि वरचे खाली केले की दोन्ही टोकांच्या मंडळींचा जोर मोडतो. २०–२५ अंश तापमान उत्तम. मुंबई-नागपूरच्या मे महिन्यात दोनदा ढवळावे लागेल किंवा डबा सरळ फ्रीजमध्ये ठेवावा लागेल. कोंडा फार आंबट झाला तर थोडी मोहरीची पूड घालतात. नीट सांभाळलेला कोंडा वर्षानुवर्षे चालतो. त्यात नवा कोंडा आणि मीठ घालत राहायचे. काही घरांत तो आजीकडून नातीकडे आलेला असतो.

वांग्याची एक खुबी सांगितलीच पाहिजे. कोंड्यात वांग्याचा जांभळा रंग उतरून ते तपकिरी पडते. म्हणून सालीला मिठाबरोबर थोडी तुरटी चोळतात, किंवा कोंड्यात स्वच्छ लोखंडी खिळा ठेवतात. सालीतल्या रंगद्रव्याला लोह वा ॲल्युमिनिअम मिळाले की रंग घट्ट धरून राहतो आणि चकत्या गडद, चकचकीत निळसर निघतात.

कोंड्याच्या लोणच्याला इतिहासातही जागा आहे. एदो काळात (१६०३–१८६८) शहरातले लोक पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाऊ लागले आणि कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वाला मुकले. बेरीबेरीचा आजार इतका पसरला की त्याचे नावच ‘एदोचे दुखणे’ पडले. तांदूळ पॉलिश करताना निघालेला तोच कोंडा लोणच्याला लागे, आणि त्यातले ब-१ भाजीत उतरते. कोंड्यातल्या काकडीत ते कच्च्या काकडीपेक्षा कित्येक पट असते. कारण कोणाला ठाऊक नसतानाही ज्या ताटात हे लोणचे होते त्याला थोडा आधार मिळत होता. १९१० मध्ये उमेतारो सुझुकी याने हा उपयुक्त घटक कोंड्यातूनच वेगळा केला.

‘ताकुआन’ हेही कोंड्यातलेच, पण आधी मुळे दोरीला टांगून वाकवले तर वाकतील इतके वाळवतात. झेन भिक्खू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) याने ते शोधले आणि शोगुन (लष्करी शासक) इएमित्सूने लोणच्याला त्याचे नाव दिले अशी कथा आहे. तिला पुरावा नाही. काही मठांत जेवणानंतर ताकुआनच्या चकतीने गरम पाण्यात वाटी पुसून घेतात, मग ती चकती खातात आणि पाणी पितात.

‘उमेबोशी’ हे जर्दाळूच्या जवळच्या ‘उमे’ फळाचे लोणचे. जूनमध्ये पिवळसर झालेली फळे १८–२० टक्के मिठात वजनाखाली ठेवतात. सुटलेल्या आंबट पाण्यात मिठाने चोळून काळे पाणी काढलेला लाल शिसो घालतात. शिसो तुळशीच्या कुळातला. त्यानेच लाल रंग येतो. पावसाळा सरल्यावर, जुलैअखेर तीन दिवस उन्हात वाळवले की झाले. निम्म्याहून अधिक उमे एकट्या वाकायामा प्रांतात पिकतात. गोव्यात कोवळ्या कैऱ्या मिठात घालून वर दगड ठेवून चेपतात, त्या तोरांची रीत याच्याशी जवळची आहे.

प्रांतागणिक लोणचे बदलते. क्योतोत शोगोइन सलगमाच्या पारदर्शक चकत्यांचे ‘सेन्माईझुके’, ओहाराचे वांगी-शिसोचे ‘शिबाझुके’ आणि कामिगामोचे ‘सुगुकी’ ही तीन नावे मानाची. सुगुकीसाठी लांब वाशाच्या टोकाला दगड बांधून तरफेने पिंपे दाबतात. नारात साकेच्या चोथ्यातली काळपट कलिंगडवर्गीय फळे, अकितात चुलीवरच्या धुरात टांगलेल्या मुळ्याचे ‘इबुरिगाक्को’. नागानोच्या किसो खोऱ्यातले ‘सुन्की’ मात्र वेगळे: मीठ डोंगरात महाग, म्हणून लाल सलगमाची पाने मिठाशिवायच, गेल्या वर्षीचे लोणचे विरजण म्हणून लावून आंबवतात. ‘फुकुजिनझुके’ हे सोया सॉसमधले गोड लोणचे मेइजी काळात (१८६८–१९१२) तोक्योच्या उएनोत निघाले. त्यात मुळा, वांगे, कमळकाकडी आणि चक्क अबईच्या शेंगा असतात, आणि जपानी करी-भाताबरोबर आज तेच वाढतात.

मिठाची बाजू झाकून चालणार नाही. खारवलेल्या पदार्थांचे अतिसेवन आणि जठराचा कर्करोग यांचा संबंध जपानमधल्याच पाहण्यांत दिसून आला आहे. म्हणून आता ८ टक्के मिठाचे उमेबोशीही मिळतात, पण ते फ्रीजमध्ये ठेवावे लागतात. कमी मिठाचे लोणचे स्वच्छतेची जास्त मागणी करते, हे ऑगस्ट २०१२ मध्ये होक्काइदोत कळले. चिनी कोबीच्या रात्रीपुरत्या लोणच्यातून ओ-१५७ जातीचे ई. कोलाय जिवाणू पसरून आठ जणांचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये अन्नस्वच्छतेचा कायदा बदलला आणि जून २०२१ पासून विक्रीसाठी लोणचे करणाऱ्यांना परवाना व वेगळे स्वयंपाकघर लागू लागले. आधीपासूनच्या उत्पादकांना दिलेली सवलत मे २०२४ अखेर संपली. घरच्या स्वयंपाकघरात पिंप ठेवून रस्त्याकडेच्या शेतमाल दुकानात पिशव्या विकणाऱ्या कित्येक वृद्ध शेतकरी बायकांना हा खर्च परवडला नाही आणि त्यांनी विक्री थांबवली. अकितात धुराचे मुळे करणाऱ्यांपैकीही अनेकांवर हीच वेळ आली. घरच्यापुरते लोणचे घालण्यावर कायद्याची कसलीच अट नाही.