गायक पक्ष्यांचे गायनशिक्षण

गायक पक्ष्यांची पिले मोठ्यांचे गाणे ऐकून, लक्षात ठेवून आणि रियाज करून स्वतःचे गाणे घडवतात. यालाच गायनशिक्षण म्हणतात. कुहूकुहू करणारा कोकिळ मात्र यात येत नाही. तो कावळ्याच्या घरट्यात, कावकाव ऐकत वाढतो आणि तरीही वयात आल्यावर कोकिळासारखाच ओरडतो. ते त्याला उपजत येते. त्याला पोसणारा कावळा मात्र शास्त्रीय वर्गीकरणात गायक पक्षी ठरतो. दयाळ, चंडोल, बुलबुल, साळुंकी हे त्याचेच गणगोत. या गटात सुमारे ५,००० जाती आहेत, म्हणजे जगातल्या पक्षिजातींपैकी जवळजवळ निम्म्या.

सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियातल्या झेब्रा फिंचचा. मुनियांच्या कुळातला हा मुठीत मावणारा पक्षी. गातो फक्त नर, आणि तेही आयुष्यभर एकच गाणे. पिलू साधारण २५ दिवसांचे झाले की बापाचे गाणे त्याच्या स्मरणात उतरू लागते. महिना उलटल्यावर ते स्वतः गायला बघते. तेव्हा जे बाहेर पडते ती हलकी, तुटक, दर खेपेला वेगळी कुरकुर असते. तान्ह्या बाळाची बडबडच. हळूहळू तीत ओळखीचे स्वर येतात, त्यांचा क्रम बसतो आणि पिलू सुमारे ९० दिवसांचे होईपर्यंत गाणे कायमचे पक्के होते.

हा सगळा रियाज कानाच्या भरवशावर चालतो. जीवशास्त्रज्ञ मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग निर्दय होता, पण निर्णायक ठरला. अमेरिकेतल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या गायक पक्ष्याच्या ज्या पिलांनी गाणे ऐकले होते, पण गायला सुरुवात केली नव्हती, त्यांना त्यांनी बहिरे केले. मोठेपणी ती बेढब गायली. गाणे नुसते ऐकलेले असून भागत नाही. आपला आवाज त्याच्याशी ताडून पाहावा लागतो.

तरीही सारे काही शिकवणीतून येत नाही. एकटे वाढवलेले झेब्रा फिंच ओबडधोबड गातात. त्यांच्याकडून पुढची पिढी शिकली, तिच्याकडून त्यापुढची, तर तीन-चार पिढ्यांत गाणे पुन्हा रानातल्या गाण्याच्या जवळ येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष या विषयातला सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल: प्रत्येक पिलू नक्कल करताना ती थोडी आपल्या जातीच्या वळणावर नेते.

गायक पक्ष्यांचा उगम ऑस्ट्रेलियाच्या भूखंडात झाला, असे जनुकीय अभ्यास सांगतात. नकलांसाठी प्रसिद्ध असलेला तिथला लायरबर्ड या वंशवृक्षाच्या अगदी जुन्या फांदीवरचा. ऐकून आवाज शिकण्याची क्षमता पोपट आणि हमिंगबर्ड यांच्यातही आहे. ती एकदाच उपजली की वेगवेगळ्या वेळी, यावर एकमत नाही. माणसाच्या बोलण्याशी निगडित असलेले फॉक्सपी२ हे जनुक झेब्रा फिंचच्या मेंदूतल्या गायनकेंद्रात दाबले, तर पिलू बापाची नक्कल अर्धवटच करते.

गाणे म्हणजे नराने मादीला रिझवण्यासाठी काढलेला आवाज, ही समजूत फार काळ टिकली. युरोप-अमेरिकेतल्या समशीतोष्ण पट्ट्यातल्या पक्ष्यांवरच बहुतेक निरीक्षणे झाली होती, आणि तिथे गातात ते मुख्यतः नर. जगभरच्या जाती तपासल्यावर २०१४ मध्ये दिसून आले, की पाहिलेल्या जातींपैकी ७१ टक्क्यांत माद्याही गातात आणि गायक पक्ष्यांच्या आद्य पूर्वजांतही त्या गात असाव्यात.