पार्कर ५१

पार्कर ५१ : अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल येथे पार्कर कंपनीने तयार केलेले आणि १९४१ साली बाजारात आणलेले फाउंटन पेन. कंपनी स्थापन झाली १८८८ मध्ये; पेनाची जुळवाजुळव १९३९ साली, कंपनीच्या ५१व्या वर्षी झाली, म्हणून हे नाव. इंग्लंडमध्ये न्यूहेवन येथेही ते बनत असे आणि उत्पादन १९७०च्या दशकापर्यंत चालले. जुन्या पेनांचा संग्रह पुष्कळदा याच पेनापासून सुरू होतो. ते दुर्मीळ नाही, सुटे भाग मिळतात आणि दुरुस्तीनंतर रोज लिहिता येते. मात्र भाग सहज बदलता येत असल्याने दोन-तीन पेनांची मोडतोड करून उभे केलेले ‘अस्सल’ पेनही बाजारात भरपूर आहे.

पार्करला लवकर वाळणारी शाई विकायची होती. ती उघड्या निबेवरच सुकली असती, म्हणून १४ कॅरट सोन्याची निब टोकाएवढी बाहेर ठेवून बाकी झाकून टाकली. शाई तीव्र अल्कधर्मी असल्याने सेल्युलॉइडऐवजी ल्युसाइट हे अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिक वापरले. निबेवरच्या या झाकणाच्या (हूड; टोपण वेगळे) आत कंगव्यासारख्या पातळ पात्यांचा भाग (कलेक्टर) असतो. तो जादा शाई धरून ठेवतो आणि डाग पडू देत नाही. हे पेन हंगेरियन कलावंत व डिझाइनर लास्लो मोहोय-नॉज यांनी घडवले असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. ते या पेनाचे चाहते होते आणि पुढे कंपनीचे सल्लागार झाले.

शाई भरण्याच्या पद्धतीवरून दोन प्रकार पडतात. १९४८ पर्यंतच्या व्हॅक्युमॅटिक पेनात मागची छोटी टोपी काढली की दांडा दिसतो. तो दाबला की आतला रबरी पडदा हवा बाहेर ढकलतो आणि सोडला की शाई ओढतो. हे रबर हमखास कडक झालेले असते, तेव्हा पडदा बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. १९४८ पासूनच्या एअरोमेट्रिक पेनात दांडीचा मागचा अर्धा भाग फिरवून काढला की धातूच्या नळीवर दाबपट्टी दिसते. आतली पारदर्शक पिशवी प्लॅस्टिकची असल्याने ती अनेक दशके टिकते. पिवळी पडली तरी लवचीक असेल तर तिला हात लावू नये. नवशिक्याने हाच प्रकार घ्यावा.

खरेदी करताना भिंगाखाली आधी झाकणाचे टोक पाहावे, तेथे केसासारखी चीर जाते. निबेच्या टोकावरचा कठीण धातू एका बाजूने झिजला असेल तर लिहिताना कागद खरवडतो. व्हॅक्युमॅटिकच्या दांडीवरील छापात वर्षाचा शेवटचा अंक असतो: ६ म्हणजे १९४६. निळ्या हिऱ्याचे चिन्ह असलेली टोपणाची क्लिप प्रायः व्हॅक्युमॅटिकच्याच काळातली. ती एअरोमेट्रिकवर दिसली की टोपण दुसऱ्या पेनाचे असल्याचा संशय घ्यावा. सुरुवातीच्या १९४१च्या पेनांच्या टोकांवरची बटणे अ‍ॅल्युमिनियमची असतात व ती जास्त भावाने जातात. सोन्याचा मुलामा दिलेले टोपण डोळ्यांत भरते, पण कडांना पितळ दिसू लागले की त्याची किंमत उतरते.

सुकलेली शाई काढण्यासाठी निबेची बाजू रात्रभर साध्या पाण्यात ठेवावी, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत भरून सोडावे. एवढ्याने भागले नाही तर १० भाग पाण्यात १ भाग घरगुती अमोनिया व भांड्याच्या साबणाचा थेंब घालून थोडा वेळ ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. स्पिरिट वापरू नये. त्याने ल्युसाइटला बारीक तडे जातात. झाकण लाखेने चिकटवलेले असते. ते काढायचे तर कोरड्या उष्णतेने लाख हळूहळू मऊ करून, रबराची पकड लावून फिरवावे. फिरत नसेल तर पुन्हा उष्णता द्यावी. घाईने जोर केला की झाकण चिरते, जास्त तापले की वाकडे होते. बसवताना निब झाकणाच्या टोकाशी मध्यावर यायला हवी.

पार्करच्याच जुन्या सुपरक्रोम शाईची बाटली हाती आली तर ती संग्रहातच ठेवावी. तिने रबर आणि आतली चांदीची नळी खराब होते.

भारतात ही घडण अनेकांना परिचित आहे ती चिनी ‘हीरो’ पेनांमुळे. २०२१ साली पार्करने याच नावाने आणलेल्या पेनाला आट्यांचे टोपण आणि कार्ट्रिज आहे. त्याचे भाग जुन्या ५१ला लागत नाहीत.