कलेसाठी शहराची वर्गणी: सिनसिनाटीच्या ‘आर्ट्सवेव्ह’ची पार्श्वभूमी

अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात दरवर्षी हिवाळा सरता सरता कचेऱ्या-कारखान्यांमधून वर्गणी सुरू होते. ती असते वाद्यवृंद, ऑपेरा, संग्रहालयं आणि नाटकांसाठी. साबण विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलपासून बँकांपर्यंत अनेक ठिकाणचे कर्मचारी आपल्या पगारातून थोडी थोडी रक्कम कापून घ्यायला संमती देतात. हा पैसा जातो ‘आर्ट्सवेव्ह’ या ना-नफा संस्थेकडे. ही संस्था स्वतः नाटक बसवत नाही की मैफल भरवत नाही. पैसा जमवायचा आणि नदीच्या दोन्ही तीरांवरच्या, म्हणजे ओहायोतल्या आणि पलीकडच्या केंटकीतल्या, शंभराहून अधिक कलासंस्थांना वाटायचा, हे तिचं मुख्य काम. आर्ट्सवेव्ह हे नाव २०१० सालचं. संस्था १९२७ची, आणि वर्गणीची सवय त्याहूनही जुनी.

एकोणिसाव्या शतकात या शहरात जर्मन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. त्यांच्याबरोबर समूहगायनाची मंडळं आली, आणि १८७३मध्ये ‘मे फेस्टिव्हल’ सुरू झाला. तो भरायचा पत्र्याच्या छपराच्या एका सभागृहात. १८७५च्या महोत्सवात वादळी पाऊस आला आणि पत्र्यावरच्या माऱ्यापुढे गाणं ऐकू येईना, कार्यक्रम थांबवावा लागला, असं सांगतात. श्रोत्यांमध्ये रूबेन स्प्रिंगर हे व्यापारी होते. त्यांनी नव्या वास्तूसाठी सव्वा लाख डॉलर देऊ केले, पण एक अट घालून: तेवढेच पैसे नागरिकांनी जमवायचे. शाळकरी मुलांनीही हातभार लावला, आणि १८७८मध्ये म्युझिक हॉल उभा राहिला. श्रीमंताने अर्धं द्यावं आणि उरलेलं गावाने भरावं, हा पायंडा इथेच पडला. पुढचं सगळं मला या अटीचाच विस्तार वाटतं.

शहराचा सिम्फनी वाद्यवृंद मात्र बायकांनी उभा केला. १८९४मध्ये त्याची पायाभरणी झाली तेव्हा हेलन हेरन टाफ्ट त्याच्या अध्यक्ष होत्या. याच पुढे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. वाद्यवृंदाला पैशाची ओढाताण काही चुकली नाही. १९०७मध्ये वादकांच्या संघटनेशी वाद झाला आणि वाद्यवृंद दोन वर्षं बंद राहिला. १९०९मध्ये तो पुन्हा सुरू झाला तो लिओपोल्ड स्टोकोव्हस्की या २७ वर्षांच्या संगीतसंचालकाच्या हाताखाली. मोजक्या देणगीदारांच्या मर्जीवर चालणारी संस्था किती लवकर कोलमडते, हे शहराने एकदा पाहून घेतलं होतं.

१९२७मध्ये हेलनबाईंचे मोठे दीर, वृत्तपत्राचे मालक चार्ल्स फेल्प्स टाफ्ट आणि त्यांची पत्नी ॲना सिंटन टाफ्ट पुढे आले. ॲना यांच्याकडे वडिलांनी लोखंडाच्या धंद्यात मिळवलेली प्रचंड संपत्ती होती. या जोडप्याने कलांसाठी १० लाख डॉलर देऊ केले, आणि पुन्हा तीच अट घातली: नागरिकांनी २५ लाख जमवावेत. ते जमले, आणि ‘सिनसिनाटी इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्स’ स्थापन झाली. टाफ्ट दाम्पत्याने आपलं राहतं घर आणि चित्रसंग्रहही लोकांच्या हवाली केला. १९३२पासून ते टाफ्ट संग्रहालय झालं.

पण स्थायी निधीचं, म्हणजे मुद्दल न मोडता ठेवलेल्या या रकमेचं, व्याज मर्यादित, आणि महागाई कुणाचं ऐकत नाही. १९४९मध्ये इन्स्टिट्यूटने दरवर्षीची एकत्र वर्गणी सुरू केली. पहिले लाभार्थी चारच होते: सिम्फनी, कला संग्रहालय, टाफ्ट संग्रहालय आणि उन्हाळी ऑपेरा. हा ऑपेरा १९२०पासून चक्क प्राणिसंग्रहालयाच्या आवारात होत असे, आणि १९७२पर्यंत तिथेच होता. (गायिकेच्या तानेला मोराने साद घालायची, असा प्रकार!) कल्पना समाजसेवेच्या क्षेत्रातून उचललेली होती. ओहायोतल्याच क्लीव्हलंड शहरात १९१३पासून अनाथालयं, दवाखाने यांच्यासाठी एकत्र निधी जमवला जात होता. उद्योजकांनाही ते सोयीचं होतं, कारण दहा संस्थांचे दहा जण दारात येण्याऐवजी एकच येतो. त्याच १९४९मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल शहरातही कलांसाठी असाच निधी सुरू झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कलानिधी यायला अजून १६ वर्षं होती. सरकारची तेव्हाची मदत मुख्यतः एवढी, की १९१७पासून देणगीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येई. आपल्याकडे २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले आणि त्या कामांच्या यादीत कलांनाही जागा दिली. तिथे सक्ती नव्हती. होता तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा आग्रह.

पुढे नाट्यगृह, बॅले, समकालीन कलेचं केंद्र अशी यादी लांबत गेली, आणि एका गल्ल्यातल्या पैशाची दुसरी बाजूही समोर आली. १९९०मध्ये ‘कंटेम्पररी आर्ट्स सेंटर’ने रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन ठरवलं. त्यातली काही चित्रं उघड लैंगिक होती. शहरातल्या अश्लीलताविरोधी गटांनी रान उठवलं, बहिष्काराची भाषा सुरू झाली, आणि एका प्रदर्शनापायी सगळ्यांची वर्गणी बुडेल अशी धास्ती वाटू लागली. तेव्हा केंद्र त्या वर्षीच्या वर्गणीच्या मोहिमेतून स्वतःहून बाहेर पडलं. प्रदर्शन एप्रिलमध्ये उघडलं त्याच दिवशी केंद्रावर आणि संचालक डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचे आरोप ठेवले गेले. ऑक्टोबरमध्ये ज्युरीने दोघांनाही निर्दोष ठरवलं.

‘स्वतःहून’ हा शब्द इथे जरा जपून वाचावा लागतो. वर्गणी जमवणाऱ्या संस्थेने केंद्राला हाकललं नाही, हे खरं. पण हजारो कर्मचाऱ्यांच्या पगारातून येणारा पैसा म्हणजे हजारो जणांचं मत आलं, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना न दुखावणारी कलाच अशा गल्ल्यात सुखाने नांदू शकते. एका धनिकाची मर्जी राखण्यापेक्षा हे बरं की वाईट, यावर माझं मत अजून हेलकावे खातं. धनिकाला निदान समजावता येतं.

२००८च्या सुमारास संस्थेपुढे वेगळाच पेच होता. ऑपेरा किंवा संग्रहालय आवडत नसलेल्या माणसाने वर्गणी का द्यावी? कला थोर असते, या युक्तिवादाने फारसं कुणी हलत नव्हतं; लोकांच्या लेखी कला ही ज्याची त्याची हौस होती. संस्थेने यावर अभ्यास करून घेतला. २०१०मध्ये मांडलेला निष्कर्ष असा: कलांमुळे वस्ती जिवंत राहते आणि एरवी न भेटणारी माणसं एकत्र येतात, हे सांगितलं की न जाणाऱ्यालाही पटतं. पाण्यात दगड पडल्यावर उठणाऱ्या तरंगांची उपमा त्या अहवालात होती. ‘आर्ट्सवेव्ह’ हे नावही त्याच वर्षी आलं.

नाव बदललं तसा वाटपाचा निकषही बदलला. पुढच्या दशकात संस्थेने पाच उद्दिष्टं ठरवली: शहराचं नाव व्हावं, लोकांची इथली मुळं घट्ट व्हावीत, समाजातल्या दऱ्या बुजाव्यात, वस्त्या गजबजाव्यात, मुलांच्या शिक्षणाला आणि सर्जनशीलतेला बळ मिळावं. अर्ज करणाऱ्या संस्थेला यातलं आपण काय साधतो ते दाखवावं लागतं. चांगली चित्रं किंवा उत्तम गाणं हे या पाचांत कुठेच थेट येत नाही, हे कुणाच्याही लक्षात येईल. तरी एक गोष्ट मात्र दुर्मीळ आणि मोलाची: यातलं बरंचसं अनुदान ठरावीक प्रकल्पाला बांधलेलं नसतं. भाडं, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार यांवर ते खर्च करता येतं. नाटकाच्या प्रयोगाला प्रायोजक मिळतो. तालमीच्या जागेच्या भाड्याला कोण देतो?