वंशज-शोध (कोकणातली पद्धत)

वंशज-शोध म्हणजे एखादा जुना पूर्वज धरायचा आणि त्याच्यापासून खाली आजपर्यंत कोण कोण झालं, कुठे कुठे गेलं ते शोधत यायचं. आपण सहसा उलटं करतो, स्वतःपासून सुरू करून बाप, आजोबा, पणजोबा असं वर चढत जातो, आणि ते त्यातल्या त्यात सोपं, कारण प्रत्येक पायरीला आईबाप दोनच. खाली उतरायला लागलं की गणित हाताबाहेर जातं. एकाची सहा मुलं, त्या प्रत्येकाची पाच, असं धरत गेलं तरी नुसती पणतवंडंच दीडशे होतात, त्यातली अर्धी मुंबईत, काही पुण्यात, कोणी मस्कतला, आणि लेकींची आडनावं बदललेली ती वेगळीच.

कोकणात हे काम इंटरनेटच्या आधीपासून चालत आलंय, त्याला कुलवृत्तांत म्हणतात. चित्पावन आणि कऱ्हाडे घराण्यांनी असे जाडजूड ग्रंथ छापले, घरोघरी पत्रं पाठवून, माहिती मागवून. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मग एकेक घराणं, त्यात पिढीवार माणसं, शिक्षण, नोकरी, बायकोचं माहेर. आता यातले बरेच स्कॅन होऊन नेटवर फिरतात. एक खोट मात्र सगळ्यांत सारखी: मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, की संपलं. तिची मुलं दुसऱ्या कुळाची, म्हणून तो धागा तिथेच कापलेला. म्हणजे 'घराण्याचे सगळे वंशज' असं म्हणून जे हातात येतं ते फार तर निम्मं असतं. आणि ज्या समाजांनी कुलवृत्तांत छापलेच नाहीत, म्हणजे कोकणातली बहुसंख्य माणसं, त्यांना ही वाटच नाही.

जमिनीचे कागद

माझ्या मते कोकणात सगळ्यात भरवशाची वंशावळ सातबाऱ्यात सापडते, खरं तर सातबाऱ्याच्या मागच्या फेरफारात. सातबारा आज कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, फेरफार (गाव नमुना 6) ते नाव कसं लागलं ते सांगतो, आणि वारस प्रकरणांची वेगळी नोंदवही म्हणजे 6-क. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो, त्यावर डाव्या-उजव्या बाजूला फेरफारांचे नंबर असतात, तो एकेक नंबर धरून मागे जायचं. जुने फेरफार स्कॅन करून ऑनलाइन टाकायचं काम तालुक्यागणिक कमीजास्त झालंय, त्यामुळे शेवटी तहसील कचेरीची एक फेरी बहुतेक वेळा होतेच.

फेरफाराचा एकच कागद नीट वाचला तर किती निघतं बघा. 'मयत खातेदार यांचे वारस' म्हणून खाली नावं, पुढे वय आणि नातं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. अ.पा.क. दिसलं की समजायचं मूल अज्ञान (अल्पवयीन) आहे आणि आई किंवा काका पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेला. ए.कु.मॅ. दिसलं तर सावध व्हायचं, तो एकत्र कुटुंब मॅनेजर, एकट्या थोरल्या भावाचं नाव लागलेलं आणि मागचे तीन-चार भाऊ कागदावर अदृश्य. आमच्याच घराचा असा एक कागद मी दोन वर्षं चुकीचा वाचला होता, एकुलता एक मुलगा समजून बसलो होतो, पुढच्या वाटपाच्या फेरफारात आणखी दोन भाऊ निघाले आणि त्यांची अख्खी शाखा विरारला.

लेकींची बाजू पण इथेच सापडते, फक्त साल बघावं लागतं. 1956 चा हिंदू वारसा कायदा येण्याआधी मुलगे असताना मुलींना जमिनीत वाटा नसायचा, म्हणून जुन्या वारस नोंदीत त्यांची नावंच नाहीत. 1956 नंतर दिसायला लागतात, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर तर खरेदीदार किंवा बँक बहिणींची सही मागतेच, मग हक्कसोड पत्र (बहिणींनी आपला वाटा सोडल्याचा दस्त) होतं, त्यात प्रत्येक बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, वय, पत्ता. भावनिकदृष्ट्या तो कागद कसा आहे ते सोडा, वंशज शोधणाऱ्याला तो सोन्यासारखा. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती अलीकडच्या वर्षांची ऑनलाइन बघता येते.

अजून एक खाच. 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्याने कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, मालक झाली, त्याआधी खोती (गावचा सारा वसूल करायचं वतन) रद्द झालेली. त्यामुळे खोत घराण्याचा माग बऱ्याच गावांत त्याच सुमाराला सातबाऱ्यावरून तुटतो आणि कुळाच्या घराण्याचा तिथूनच सुरू होतो. ज्यांच्याकडे कधी जमीनच नव्हती त्यांच्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना 14 म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, जी 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात कपाटातून बाहेर निघाली आणि बऱ्याच ठिकाणी स्कॅन पण झाली. हे सगळं जुनं म्हटलं की मोडी लिपी आलीच, वाचता येत नसेल तर जाणकार गाठायचा.

नावं आणि गावं

कोकणात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, म्हणून धोंडूचा विठू, विठूचा परत धोंडू, आणि त्याच वाडीत चुलतभावाकडेही एक धोंडू विठू. वय आणि आईचं नाव जुळल्याशिवाय कोणालाही झाडावर चढवू नये. आडनावावर तर अजिबात विसंबू नये, गावात एक आडनाव आणि मुंबईला गिरणीत लागल्यावर गावावरून पडलेलं 'कर'वालं दुसरं, सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असं सर्रास. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने ज्या याद्या लावल्या त्यात कामगार आणि वारस दोघांची नावं असतात, चाकरमानी शाखा शोधायला त्या उपयोगी पडतात हे फार कोणाच्या लक्षात येत नाही.

शोधताना जिल्हा पण जुना टाकावा लागतो. सिंधुदुर्ग 1981 साली झाला, त्याआधीचं मालवण-वेंगुर्लं रत्नागिरीखाली, रायगडचं नाव तेव्हा कुलाबा, आणि सावंतवाडी नि जंजिरा ही 1948 पर्यंत संस्थानं, त्यांचे कागद वेगळे.

साता समुद्रापार

फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे, अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची, त्यांनी हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांची (यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिलेल्या) पण चित्रं घेतलीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या नामावळीत मात्र अजूनही प्रत्यक्ष जाऊनच बघणं बरं, आणि जाताना गावाचं नाव पक्कं माहीत हवं कारण वह्या गावावर लावलेल्या. जेनी या साइटवर सगळे मिळून एकच मोठं झाड करतात, तिथे एकाने चूक केली की ती शंभर जणांच्या झाडात जाते, आणि मग कोणीतरी थेट पेशव्यांना जाऊन चिकटतो. आपलं झाड गेडकॉम (वंशावळीसाठी सगळीकडे चालणारा फाइलचा प्रकार) फाइलमध्ये उतरवून स्वतःकडे ठेवावं, कुठल्याही साइटवर चढवता येतं. नंबर द्यायला द'अबोव्हिल पद्धत सोपी, मूळ पुरुष 1, त्याचं दुसरं मूल 1.2, त्याचं तिसरं 1.2.3, मुलगा असो की मुलगी, नंबर थांबत नाही.

डीएनए टेस्टवर फार भरोसा ठेवू नका, शेकडो वर्षं आपापसातच लग्नं झालेल्या जातींत सगळेच एकमेकांचे जवळचे दिसतात.

मॉरिशसला गेलेल्यांचं प्रकरण वेगळं. 1834 पासून तिथे उसाच्या मळ्यांवर करारावर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी पण होते. त्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, काहींचे फोटोसुद्धा. तिकडे बापाचं पाळण्यातलं नाव पुढे आडनाव होऊन बसलं, त्यामुळे इथून शोधणाऱ्याने आडनाव सोडून गाव आणि बापाचं नाव धरायचं. अलिबाग-नवगावकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, बहुतेक इस्राएलला गेले, पण त्यांची 'कर'वाली आडनावं गाव सांगतात, म्हणून तो शोध उलट सोपा पडतो. केपटाऊनला कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे, तिथेही हाच अनुभव.

जिवंत माणसांचे पत्ते, जन्मतारखा उघड टाकू नयेत, विचारून टाकावं. आणि गावच्या भावकीला फोन लावताना आधी आपण कोण ते नीट सांगावं, नाहीतर पहिला प्रश्न ठरलेला, "जमनीत वाटो मागूक इलंस काय?" त्यापेक्षा गणपतीत मूळ घरी जाऊन बसावं, दुपारच्या जेवणाला चार शाखांची माणसं एका पंगतीला येतात, वही घेऊन बसलं तर वेबसाइटवर महिन्याभरात होत नाही तेवढं दोन तासांत होतं.

लेकीकडचा वंश कसा हरवतो त्याचं रत्नागिरीतलंच उदाहरण म्हणजे थिबा राजा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा, 1885 साली इंग्रजांनी पदच्युत केला, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणला, 1910 ला राजवाडा बांधून झाला, 1916 ला तो इथेच वारला. घरचे 1919 ला ब्रह्मदेशात परतले, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली, राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरापासून तिला मुलगी झालेली, टूटू तिचं नाव. टूटू इथेच वाढली, मराठी बोलायची, आणि इथल्याच पवारांच्या घरात नांदली. म्हणजे थिबाचे वंशज शोधायला कोनबाँग हे राजघराण्याचं नाव टाकून रत्नागिरीत काही हाती लागणार नाही, पवार टाकावं लागतं.